चांदोबाचं तळं

त्या एका जेवणातून चांदोबाच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी ऐका. दुकानाची चौकाकडे तोंड असलेली मोठी काच! तिच्यामागची सगळी सजावट त्याच्या एकट्याच्या हाती! शिवाय बायकोच्या नजरेत थोडा भाव, जो अलीकडे बराच उतरला होता. आणि गमवायचं काय? छे, काहीच नाही! निदान त्याचा तरी तसा हिशेब होता.

दुकानाच्या काचा सजवणं हे त्याचं काम, पण आजवर त्याच्या वाट्याला मागच्या गल्लीतल्या लहान काचाच आलेल्या. कुठल्याही काचेत तो चंद्र टांगायचाच. छत्र्यांवर चंद्र, बुटांवर चंद्र, एकदा तर प्रेशर कुकरवरही! म्हणून सगळं दुकान त्याला चांदोबा म्हणायचं. आता मालक स्वतः म्हणाले होते, "शनिवारी आम्ही दोघं जेवायला येतो. बघू घरी तुझा हात कसा चालतो!"

"स्वयंपाकाचं मी बघते," बायको म्हणाली. "तुम्ही फक्त टेबल मांडा. फक्त हं!"

"तू बघच! मालक जेवायचं विसरतील."

"विसरून कसं चालेल? मी मरमर राबतेय ती काय उगीच?"

दुपारभर जेवणाच्या खोलीचं दार बंद. हाक मारली की आतून "आलोच" येई, तेही पाण्याखालून आल्यासारखं. दिवेलागणीला दार उघडलं आणि बायको हातातला झारा तसाच धरून उभी राहिली.

टेबलाचं तळं झालं होतं! निळ्या कापडावर आरसा, आरशात वर टांगलेला कागदी चंद्र हळूहळू डुलतोय. काठाकाठाने तिच्या आईने लग्नात दिलेल्या पांढऱ्या बशा, कमळांसारख्या. चमचे माशांसारखे चंद्राच्या दिशेने निघालेले. लग्नाआधी आपल्याला पडायचं ते स्वप्न या माणसाने चोरून पाहिलं की काय, असं तिला वाटून गेलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "इथे जेवायचं?"

"का गं?"

"नाही, पाय सोडून बसावंसं वाटतंय."

मालक आले, मालकीणबाई आल्या. बसले आणि बघतच राहिले. मालकीणबाईंनी हनुवटीला हात लावून उसासा सोडला. "आपण कधी हो गेलो होतो तळ्याकाठी?"

"दुकान टाकून?" मालक दचकले.

सूप आलं. मालकीणबाईंनी चमचा उचलला. म्हणजे, उचलायला गेल्या. चमचा हलेना! मालकांनी पेला धरला. पेला जणू टेबलातून उगवलेला!

"चांदोबा," मालक कुजबुजले, "हे सुटत का नाही?"

चांदोबा अजून चंद्रातच होता. "सुटेल कसं साहेब? रस्त्यावरून ट्रक गेला तरी हलायचं नाही. चिकटवलंय!"

बोलून गेला मात्र, आणि चेहरा पांढराफटक! इतकी वर्षं काचेमागे जे मांडलं ते चिकटवूनच मांडलं. हे टेबल जेवायचं आहे, हे त्याच्या हातांना कोण सांगणार?

"सगळं?" बायकोने विचारलं.

"रुमालसुद्धा."

"आईच्या बशा?"

"त्यांना जरा जास्तच लावलंय. जड आहेत ना."

"असू दे, मी फळ खाते," म्हणत मालकीणबाईंनी तळ्याकाठचं, फुटाण्याएवढा डिंक लागलेलं सफरचंद नेटाने उपटलं आणि चावा घेतला. टक्क!

"ते प्लास्टरचं आहे," चांदोबाने डोळे मिटून सांगितलं.

शेवटी चौघं स्वयंपाकघरात, फरशीवर! मालकीणबाईंच्या मांडीवर पातेलं, मालकांपुढे कढई आणि हातात झारा. उघड्या दारातून तळं दिसत होतं. सगळे तिकडे बघत, अगदी कढई खरवडेपर्यंत जेवले.

हात धुताना मालक म्हणाले, "मोठी काच तुझी!"

चांदोबा जमिनीपासून वीतभर वर गेला.

"पण सोमवारी हेच तळं तिथे हवं. अस्संच्या अस्सं!"

"पण साहेब, बशा निघायच्या नाहीत..."

"मग टेबलासकट आण!"

तर झालेला जमाखर्च असा. मालकांना बसल्या जागी सजावट मिळाली. मालकीणबाईंना तळ्याकाठची संध्याकाळ मिळाली, वर एक हलती दाढ. चांदोबाला मोठी काच मिळाली. आणि या सगळ्याची किंमत मोजली बायकोने: टेबल गेलं, आईच्या बशा गेल्या, जेवण कायमचं फरशीवर आलं.

बाजारातून येताना ती रोज त्या काचेपुढे थांबते. परवा शेजारी उभी असलेली एक अनोळखी बाई उसासा टाकून म्हणाली, "काय सुखी घर असेल नाही, ज्या घरात असं टेबल असेल!"

बायको चंद्राकडे बघत म्हणाली, "होतं."