जागतिक इतिहासाच्या तीन ओळींची मोहीम

श्री. सकलविद्यामंडित इतिहास विभाग, पहिला मजला, जिन्यालगतचे दालन, येथे जागतिक इतिहासाच्या संशोधनाचा अग्रक्रम ठरवणेची मोहीम जाहली, तिची हकीकत जैशी घडली तैशी लिहिली असे. पदरचे काही घातले नाही. गाळले ते फक्त अपशब्द.

वर्तमान ऐसे जे, कुलगुरूंचे हुजुरातून शुक्रवारी फर्मान आले की, जागतिक इतिहास शाखेने पुढील पाच वर्षांचे संशोधनाचे तीन विषय अग्रक्रमाने लिहून त्याच सायंकाळी पाचाचे आत रवाना करावे. कसूर जाहल्यास शाखा बरखास्त करोन दालन व्यवस्थापनशास्त्राचे हवाली होईल. हे ऐकोन दालनात हाहाकार जाहला, आणि मग चहा मागवला.

शाखेत सरदार तीन. पहिले विभागप्रमुख, युद्धे आणि तह यांचे मातब्बर जाणकार, ज्यांस तमाम विद्यार्थी तहनामा सर म्हणत. दुसऱ्या समुद्री व्यापाराच्या ज्येष्ठ प्राध्यापिका, ज्यांस गलबतबाई ऐसा किताब. सरांची कन्या बाईंचे चिरंजीवांस दिलेली, सबब भांडण तोलून करणे भाग. तिसऱ्या रोगांच्या साथींचा इतिहास शिकवणाऱ्या नव्या मॅडम, सहा महिन्यांमागे रुजू, यास्तव खुर्ची दाराशेजारची.

दोन प्रहरी मसलतीस तोंड लागले. सरांनी फळ्यावर पहिल्या क्रमांकी 'युद्धे' लिहिले. बाईंनी उठोन ते पुसले आणि 'सागरी व्यापार' लिहिले. मग सरांनी ते पुसले, आणि मग बाईंनी डस्टरच जप्त केले.

"विहीणबाई, डस्टर द्या."

"विहीण मी घरी. इथे मी प्राध्यापक आहे."

ऐसे करता चार वाजले, आणि फळ्यावर खडूच्या धुरळ्याखेरीज काही राहिले नाही. तेव्हा सरांनी निर्वाणीचा म्हणोन आपल्या लाडक्या वेढ्याचा दाखला काढिला: परमुलखीचे एक बंदर, भोवती चाळीस हजार फौज, किल्ला पडणार इतक्यात एके सकाळी वेढा उठला, कां, तर सेनापतीची मुत्सद्देगिरी.

दाराजवळोन मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, हे तहात लिहिलंय?"

"तहात कारण नाही. अंदाज आहे माझा. तीस वर्षांचा."

"साल कुठलं?"

सरांनी साल सांगितले, आणि गलबतबाईंचे हातून डस्टर सुटले. "अहो, त्याच सालचं माझं त्या बंदराच्या जकातीचं पान कोरं आहे! आठ महिने एक जहाज नाही. मला वाटलं, नोंदी गहाळ झाल्या."

मग मॅडमनी पिशवीतून त्याच बंदराच्या, त्याच सालच्या इस्पितळाच्या वहीची छायाप्रत काढिली. "आधी खलाशी गेले, मग गावातले, मग छावणीतले शिपाई. रोज दोनशे. मी सांगणारच होते, पण तुम्ही दोघं बोलत होतात."

तिघांची मस्तके एका कागदावर जमली. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल जाहल्या. मग म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं मी पोरांना भलतंच सांगितलं."

बाई म्हणाल्या, "मी कुठली शहाणी? त्या कोऱ्या पानावर चहाचा कप ठेवत होते."

आणि तिघेही ऐसे हसले की, शेजारील भूगोल विभाग दार उघडोन पाहू लागला.

मग लेखणी झपाट्याने चालली. अग्रक्रम पहिला: फौजा, जहाजे आणि रोग यांच्या नोंदी एकत्र वाचणे. दुसरा: जगभरच्या दप्तरांतील कोरी पाने शोधणे. तिसरा: पुराव्यावाचून शिकवल्या जाणाऱ्या कारणांची फेरतपासणी, हा खुद्द सरांनी लिहविला. 'प्रमुख संशोधक' या रकान्यात सर आपले नाव लिहू लागले, थांबले, आणि मॅडमचे लिहिले.

"सर, मी नवीन आहे."

सरांचा हुकूम जाहला की, हरकत नामंजूर.

चार वाजोन सत्तावन्न मिनिटांनी खलिता संगणकावरोन रवाना जाहला, आणि पाचाचे आत पोहोच आली. शाखा राहिली, दालन राहिले, येणेप्रमाणे फत्ते जाहली.

सोमवारी पहिल्या तासास सर वर्गात दाखल जाहले, आणि वेढ्याचे कारण तमाम वह्यांतून खोडविले. एका विद्यार्थिनीने पुसिले, "मग आता काय लिहू, सर?"

"साथ आली म्हणून, असं दिसतंय," सर म्हणाले. "पण पेन्सिलीनं लिही."

हुकुमाप्रमाणे साठ वह्यांत पेन्सिलीने नोंद जाहली. मोर्तब असे.