भय्यासाहेबांची परिक्रमा

थंडीने उललेल्या अंगाला भय्यासाहेबांनी न्हाणीघरातल्या बाटलीतलं तेल टकलापासून टाचांपर्यंत चोळलं, आणि दुपारी आरशात बघतात तर समोर एक शिसवी रंगाचे गृहस्थ उभे. ओळखीचे वाटले म्हणून भय्यासाहेबांनी त्यांना नमस्कारही केला.

"बाबा, ते तेल नव्हतं! माझा टॅन होता, अंग रंगवायचा!" अश्लेषा ओरडली. "स्टेजच्या लाइटमध्ये आम्ही भुतासारखे पांढरे दिसतो, म्हणून लावतो. आठ दिवस जात नाही तो."

"धुऊन टाकतो."

"आत्ता धुतलात तर पट्टे पडतील. रात्री वरचा थर तेवढा धुवा. आणि तोवर कोणाला चिकटू नका, उतरतो तो."

"वीस वर्षं हिला बेसन-हळद लावून उजळवली, ती हे डांबर फासायला," तिची आई विनोदिनीबाई म्हणाल्या. "आता तुम्ही पण! सोफ्यावर बसू नका म्हणून सांगून राहिले."

अश्लेषा म्हणजे लॅटिन आणि बॉलरूम नाचाची ताजी राष्ट्रीय विजेती. तयारीसाठी ती चार महिने दिल्लीला होती आणि भय्यासाहेब, गणिताचे निवृत्त मास्तर, तिच्या बुटांची पिशवी सांभाळत सोबत होते. गावात मात्र "जरा बाहेर जाऊन येतो" एवढंच बोलले होते. कारण गावच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष रमेशराव. परक्या मुलाला बिलगून नाचणं त्यांनी गुणगौरवाच्या यादीतून दोनदा खोडलं होतं. आज गावातल्याच फ्रीगंज भागातल्या हॉलमध्ये मंडळाचं संमेलन होतं, आणि भय्यासाहेबांना जन्मात एकच गोष्ट हवी होती: लेकीच्या खांद्यावर मंडळाची शाल.

मायलेकी पुढे गेल्या. भय्यासाहेब मागून ऑटोने निघाले.

"बाबा, पैदल परिक्रमा करके आ रहे हो?" ऑटोवाल्याने वळून वळून बघितलं. "नर्मदे हर!"

"नहीं भिया, वो बाटली..."

पण हॉलच्या दारात ऑटोवाल्याने असा काही पुकारा केला की आतली माणसं बाहेर आली. चार महिने गायब माणूस, अन् हा रंग! रमेशरावांनी हिशेब तिथेच जुळवला: नर्मदेची पायी परिक्रमा!

"भय्यासाहेब, बोललात पण नाही!" असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथे लोटांगण घातलं आणि कपाळ भय्यासाहेबांच्या पावलांवर चांगलं घासलं.

"अहो, ऐका तरी..."

"नर्मदे हर!" हॉल गरजला. कोणी हाताला धरलं, कोणी पाठीला, आणि भय्यासाहेब थेट स्टेजवर. "यंदाचा गुणगौरव!" रमेशराव म्हणाले, आणि शाल अंगावर पडलीसुद्धा.

शाल मोठी ऊबदार होती. गप्प बसलं तर कोणाला कळणारही नव्हतं. पण शेवटच्या रांगेत अश्लेषा हसू दाबत, बापासाठी जोरजोरात टाळ्या वाजवत होती. भय्यासाहेबांनी माइक ओढला.

"चाललो मी, खरं आहे. रोज सहा तास. लाकडी फरशीवर, पोरीच्या मागे, पिशवी घेऊन. तिच्या टाचांतून रक्त आलं, पण ताल? मी गणिताचा मास्तर, मोजत होतो. एकदाही चुकला नाही! देशभरातल्या बेचाळीस जोड्या होत्या, त्यांत पहिली माझी अशू. हा रंग नर्मदेच्या उन्हाचा नाही, तिच्या बाटलीचा आहे. शाल तिची."

सगळ्या माना रमेशरावांकडे वळल्या.

"म्हणजे मी पाया पडलो ते..." रमेशराव ताडकन उठले. "हा मजाक आहे? धोका आहे!"

"रमेशराव," विनोदिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या कपाळाला पण लागलाय धोका."

रमेशरावांच्या कपाळावर रुपयाएवढा तपकिरी गोल उमटला होता. हॉल असा हसला की पंखे हलले. हसण्याच्या टाळ्या झाल्या, टाळ्यांत कोणी "अशू! अशू!" सुरू केलं, आणि शाल हातोहात शेवटच्या रांगेत पोचली. मग अध्यक्षांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

पहिले तीन दिवस रमेशराव कपाळाबद्दल विचारणाऱ्याला "पडलो" म्हणत. चौथ्या दिवशी पेपरात अश्लेषाचा फोटो आला, तेव्हापासून पार गावाच्या टोकाला, नानाखेड्यापर्यंत सांगत सुटले, "आमच्या चॅम्पियनचा रंग आहे! शाल मीच दिली ना."

नवव्या दिवशी ते भय्यासाहेबांच्या दारात उभे होते. कपाळ पार गोरं.

"अशू बेटा," ते हळूच म्हणाले, "त्या बाटलीत थोडं उरलंय का?"