शिसं, सोप्या भाषेत

वसाहतीच्या सार्वजनिक नळाच्या पाण्यात शिसं सापडलं. प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी खात्री होईपर्यंत तपासणी केली आणि अहवाल लिहिला : ‘नळाच्या पाण्यात शिसं आहे. त्याने लहान मुलांचा मेंदू खराब होतो. हे पाणी पिऊ नये.’ अहवाल नियमाप्रमाणे जनविज्ञान सुबोधीकरण कक्षाकडे गेला, कारण क्लिष्ट विज्ञान थेट जनतेच्या अंगावर सोडण्यास मनाई होती.

“बाई, फार जड झालंय,” कक्षाचे अधिकारी म्हणाले.

“काय जड झालंय?”

“शिसं.”

“ते जडच असतं, साहेब. जड धातूंतच मोडतं.”

साहेब हसले नाहीत. विनोद करण्याचे अधिकार कक्षाकडे होते. “शिवाय ‘पिऊ नये’ म्हणजे उपदेश झाला. आपण लोककेंद्री आहोत. लोकांना काय करू नये ते सांगायचं नसतं, त्यांना कुतूहल वाटू द्यायचं असतं. आणि मेंदूचं काढून टाका. नकारात्मक आहे.”

“पण खरं आहे.”

“खरं असेल हो. पण रंजक आहे का?”

बाईंना घाई होती. त्याच वसाहतीत त्यांची थोरली बहीण राहायची आणि पहिलीतली भाची रोज तेच पाणी प्यायची. ताईला त्यांनी फोन करून पाहिला होता. ताई म्हणाली, “तू लहानपणापासून घाबरट. दुधात झुरळ आहे म्हणून घर डोक्यावर घेतलंस, निघाली मनुका. खरंच काही असेल तर वसाहतीत येऊन सांगतील की.” त्यामुळे वसाहतीत जाऊन सांगणं भाग होतं, आणि सांगण्याचा मक्ता कक्षाकडे होता.

बैठक बसली. शिसं सामान्य माणसाला रोजच्या आयुष्यात कुठे भेटतं, यावर विचारमंथन झालं. कोणीतरी म्हणालं, “शिसपेन्सिलीत.” टाळ्या पडल्या.

“शिसपेन्सिलीत शिसं नसतं,” बाई म्हणाल्या. “ग्राफाइट असतं. शिशाचं नुसतं नाव.”

“मग नाव आहे ना? लोकांना नावच माहीत असतं,” साहेब म्हणाले. “आणि तुमचं ते ग्राफाइट मध्ये आणलंत तर शिसं परवडलं म्हणायची वेळ येईल.” इतिवृत्तात नोंद झाली : रसायनतज्ज्ञांचा आक्षेप क्लिष्ट असल्यामुळे लिहून घेता आला नाही.

कार्यक्रम दणक्यात झाला. कक्षातले एक कारकून पेन्सिलीच्या वेशात ‘शिसूकाका’ होऊन नाचले. ‘शिसूकाका नळात राहतो, टपटप टपटप गाणी गातो’ हे गाणं मुलांनी तिथल्या तिथे पाठ केलं. प्रत्येकाला एकेक पेन्सिल फुकट मिळाली. शेवटी साहेबांनी माइक घेऊन विचारलं, “आवडलं का?” सगळ्यांनी हात वर केले. ‘समजलं का?’ असं विचारायला परिपत्रकानुसार बंदी होती. त्याने नागरिकांत न्यूनगंड निर्माण होतो.

संध्याकाळपर्यंत वसाहतीने आपापसांत विज्ञान समजून घेतलं.

“पेन्सिल तर आपण जन्मभर चघळली. काय झालं?”

“झालं काहीच नाही, उलट पास झालो.”

“तेच तर. म्हणजे पाण्यातच अभ्यास आहे.”

हे पाणी प्यायल्याने अक्षर सुधारतं, असं पुढच्या आठवड्यात सिद्धही झालं. लांबलांबच्या वसाहतींतले आईबाप कॅन घेऊन नळावर येऊ लागले. रांग वाढली म्हणून पाण्याची वेळ वाढवली. लोकसहभागाचा उच्चांक मोडला म्हणून कक्षाला ढाल मिळाली. बाई धावत बहिणीकडे गेल्या, तेव्हा ताई मुलीची शाळेची बाटली भरत होती.

“ताई, ओत ते पाणी.”

“ओतू? सकाळपासून रांगेत उभी होते मी.”

“अगं, त्यात शिसं आहे.”

“माहितीये की. सगळ्यांनाच माहितीये. हिला गाणंसुद्धा येतं.”

“शिसं म्हणजे विष, ताई. हिचा मेंदू कायमचा खराब होईल.”

ताईचा हात थांबला. “मग त्या दिवशी तू तिथेच होतीस ना, स्टेजवर? बोलली का नाहीस?”

“बोलले. हेच बोलले. शिसूकाका माझ्या मागे उभा राहून नाचत होता आणि तुम्ही सगळे हसत होतात.”

“आम्हाला वाटलं, तुझाही त्यात पार्ट आहे.”

ताईने बाटली मोरीत रिकामी केली. अक्षर बिघडणार म्हणून भाचीने भोकाड पसरलं. तिला तशीच कडेवर घेऊन ताई नळावर गेली आणि रांगेसमोर उभी राहून ओरडू लागली, “पाण्यात विष आहे. पोरांना पाजू नका.” घसा बसेपर्यंत ओरडली. शेवटी रडली.

रांगेने कॅन खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. हा प्रयोग पहिल्यापेक्षा सरस होता. विशेषतः रडणं फार नैसर्गिक. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी ताईची मानद लोकविज्ञान कलाकार म्हणून नेमणूक केली. नळावर तिचा खेळ आता रोज असतो. ती जीव तोडून तेच सांगते, लोक डोळे पुसतात, आणि जाताना कॅन भरून नेतात.

हा वृत्तान्तही कक्षाच्या धोरणानुसार शक्य तितका रंजक करून सांगितला आहे. आवडला का? ज्यांनी हात वर केले त्यांची नोंद घेतली आहे. पुढचा प्रश्न परिपत्रकानुसार विचारता येत नाही.