दत्तोपंतांचा आवडता एपिसोड

दत्तोपंतांच्या दहाव्याला कावळा काही शिवेना.

प्रवरासंगमाच्या घाटावर ऊन चढत चाललं होतं. पिंड मांडून झाले होते, मंडळी हात जोडून लांब उभी होती आणि समोरच्या बाभळीवर बसलेला एकुलता एक कावळा मान वाकडी करून सगळ्यांकडे बघत होता. सुहासच्या नुकत्याच मुंडण केलेल्या डोक्याला चटके बसत होते.

"काहीतरी इच्छा राहिली असेल वडिलांची," गुरुजी म्हणाले. "आठवा आणि बोला."

सुहास बोलला. आईला पुण्याला माझ्याकडे नेतो, म्हणाला. कावळा ढिम्म. भिंगारचं घर विकणार नाही, म्हणाला. कावळ्याने चोचीने पंख साफ केले.

"मनवाचं लग्न थाटात करीन, बाबा!"

"अहो बाबा, मी नववीत आहे," त्याची लेक मनवा मागून कुजबुजली.

तेव्हा भिमाजी पुढे झाले. हे शेवगावचे, दत्तोपंतांच्या हातची छडी खाल्लेले विद्यार्थी, आता स्वतःच साठीला आलेले.

"सुहासराव, राग नका मानू. पर मास्तरांचा जीव त्या शिरेलीत आडकलाय."

सगळ्यांच्या माना डोलल्या, कारण त्या सिरियलमधून कुणीच सुटलं नव्हतं. ऐंशी उलटल्यावर दत्तोपंतांना एका इंग्रजी विज्ञानमालिकेचा नाद लागला होता. दर एपिसोडला नवी गोष्ट आणि शेवटी कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं. त्यातला एक एपिसोड तर ते आल्यागेल्याला चहाबरोबर पाजायचे. चंद्रावर एक रखवालदार वर्षानुवर्षं एकटा राहतो; शेवटी दार उघडतं आणि समोर बायको जेवणाचा डबा घेऊन उभी. संपलं! दत्तोपंत म्हणायचे, बायको खरी, पृथ्वीवरून आलेली. सुहास म्हणायचा, ती यंत्राने बनवलेली, तिची सावलीच पडत नाही. एवढ्या एका मुद्द्यावर बापलेक दोन वर्षं दर रविवारी भांडत होते, आणि भांडायला सुहास पुण्याहून एस.टी.ने येत होता.

"म्हना की, बायको खरी हाय. तुमचं काय जातंय?" भिमाजी म्हणाले.

"पण ती खरी नाहीये!"

"सुहास," नीलांबरीबाई, म्हणजे त्याची आई, हळूच म्हणाली, "मंडळी सकाळपासून उपाशी आहेत रे."

मंडळींचं राहू द्या, पण बाबा उपाशी जाणार, या विचाराने सुहास नमला. त्याने डोळे मिटले, हात जोडले.

"बाबा, तुमचंच खरं. बायको खरी होती. मी हरलो."

कावळा उडाला आणि आणखी लांबच्या विजेच्या खांबावर, सगळ्यांकडे पाठ करून बसला.

गुरुजींनी सुस्कारा सोडला आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. तो पिंडाला टेकवला की विधी उरकला. खऱ्या कावळ्याऐवजी गवताचा बघून सुहासचा तोल सुटला.

"हरलो म्हणतोय तरी पटत नाही म्हणजे काय, बाबा? मुळात तुम्ही चष्मा न लावता बघायचात! दारात दिवा आहे. रखवालदाराची सावली पडते, डब्याची पडते, मग बाईचीच कशी पडत नाही? आणि पृथ्वीवरून आणलेला डबा गरम राहतो होय? द्या ना उत्तर!"

"वाफ येत होती खरी," दर्भ वळता वळता गुरुजी बोलून गेले. त्यांनाही दत्तोपंतांनी चहा पाजला होता.

"आणि दर वेळी 'तू गप्प बैस' म्हणालात म्हणून..."

सुहासचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा सपकन खाली आला. त्याने पिंडात चोच खुपसली, एक घास उचलला आणि नदीपार उडून गेला.

"शिवला! शिवला!" भिमाजी ओरडले. सुहास बोट रोखून तसाच उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

परतताना गाडीत आई म्हणाली, "त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तिची सावली पडत नाही ते."

"काय? मग भांडत कशाला होते?"

"कबूल केलं असतं, तर तू दर रविवारी आला असतास का?"

सुहास नाक पुसून म्हणाला, "म्हणजे माझंच बरोबर होतं."

"छे! तुम्हा दोघांचंही चूक," आई म्हणाली. "बायको खरीच होती. यंत्राचा होता तो रखवालदार. कसं ते सांगते, पण मी काही पुण्याला येत नाही. रविवारी तूच ये."