नानांची सरळ वाट

नाना आमच्या सोसायटीत शिरायचे, पार्किंगपाशी चपला काढून हातात घ्यायचे आणि मागच्या कंपाउंडमधल्या फटीतून पलीकडे निघून जायचे. पहिल्यांदा अडवलं तेव्हा म्हणाले, "मी तुमच्याकडे आलेलो नाही. तुमच्यातून जातोय."

आणि चपला? "लोकांच्या घरातून जाताना काढाव्यात."

नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. गंगापूर रोडच्या मागे कोबीचे मळे होते, तेव्हा त्यांनी तिथे बांधाबांधाने साखळी ओढलेली. त्यामुळे आजही पत्ता सांगताना कुरिअरवाल्याला म्हणणार, "विहिरीवरून उजवीकडे, टोमॅटो संपला की थांब." विहिरीच्या जागी जिम आहे.

मळे गेले, कॉलन्या आल्या. प्रत्येकीने आपल्यापुरता रस्ता केला आणि तो शेजारणीच्या कंपाउंडला नेऊन टेकवला. नाना म्हणत, "रस्ते पुष्कळ झाले. जायला वाट तेवढी राहिली नाही."

मी सोसायटीचा सेक्रेटरी. लोकांना परक्यांची ये-जा नको होती, मला कटकट नको होती. फट बुजवून भिंत घातली, वर काचा रोवल्या. ठरावावर सही माझी. नाना भांडले नाहीत. भिंतीकडे एक डोळा मिटून बघितलं, "ओळंब्यात आहे" असं प्रशस्तिपत्र दिलं आणि परत फिरले.

एका संध्याकाळी ते गंगापूर रोडच्या सिग्नलला दिसले. घामाघूम, काखेत डबा. मी स्कूटर थांबवली आणि दोन वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं : नाना, जाता कुठे?

"अक्काकडे. माझी थोरली बहीण. तुमच्या भिंतीपलीकडचं पहिलंच घर. तिला दिसत नाही, रात्रीची भाकरी मी नेतो." मग जरा थांबून म्हणाले, "वळसा घालून पोचेस्तोवर गार होते हो. आणि तिला दात नाहीत."

भिंतीत दार पाडायला तीन बैठका लागल्या. लोकांच्या हट्टामुळे, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे पहिल्या बैठकीत मी विषयच काढला नाही.

दार झालं त्या संध्याकाळी नानांना बोलावलं. ते डबा घेऊनच आले. दार उघडून मिटून पाहिलं. बिजागऱ्या चांगल्या आहेत म्हणाले.

"अक्काला परवा तिची लेक नांदगावला घेऊन गेली. इथे जेवणाचे हाल होतात म्हणाली. मी आपल्या सवयीने भाकऱ्या थापल्या."

मग ते वळले आणि माझ्या घराकडे चालू लागले, मी मागोमाग. उंबऱ्यापाशी त्यांनी चपला काढल्या. पण या वेळी हातात घेतल्या नाहीत, माझ्या दाराशी नीट जोडून ठेवल्या.

"आज तुमच्याकडेच आलोय."

आत येऊन त्यांनी डबा उघडला. भाकरीला अजून वाफ होती.