मुनीराच्या हॉलमधून जाणारा रस्ता

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता एक पार्सलवाला मोटरसायकलसकट मुनीराच्या हॉलमध्ये शिरला. मुनीरा चहा गाळत होती.

"मावशी, टीपॉय जरा सरकवा," तो म्हणाला. "गाडी वळत नाय."

"अरे, घर हाय हे."

त्याने मोबाइल पुढे धरला. रोह्याबाहेरच्या नव्या वस्तीतली गल्ली नकाशावर मुनीराच्या पुढच्या दाराने आत येत होती आणि मागच्या दाराने बाजाराच्या रस्त्याला मिळत होती.

नकाशा अगदीच खोटा नव्हता. चार वर्षांपूर्वी शेतांचे प्लॉट पडले, प्रत्येक बिल्डरने आपापली भिंत घातली आणि गल्लीचं तोंड बंद झालं. बाजार भिंतीपलीकडे दोन मिनिटांवर, पण रस्त्याने वळसा अडीच किलोमीटरचा. पलीकडे उघडणारं दार होतं ते फक्त मुनीराच्या घराला. शेजारच्या बायजाबाईचे गुडघे दुखायचे. भाजीची पाटी घेऊन ती एकदा या घरातून गेली आणि तिच्यामागोमाग हळूहळू अख्खी गल्ली जाऊ लागली. चपला हातात घ्यायच्या, एवढीच मुनीराची अट.

गेल्या आठवड्यात सर्वेवाला धनेश आला होता. पेण आणि रोहा, दोन्ही गावांतले रस्ते आपापसात किती जोडलेले आहेत, हे तो मोजत होता. त्याने गल्लीपुढे 'बंद' लिहिलं, तशी बायजाबाई खवळली.

"बंद कशी रं? मी काय उडत जातंय बाजारात?"

तिने त्याला दंडाला धरून घरातून पलीकडे नेलं. त्याच्या चपला एका हातात, चालू फोन दुसऱ्या हातात. फोनने पाऊल न् पाऊल टिपलं आणि तीच रेघ नकाशावर चढली.

मुनीराने आता त्याला फोन लावला.

"ताई, खोडायला सांगितलं मी," धनेश म्हणाला. "साहेब नाय म्हणतात. पेणला नव्या वस्त्यांतले चौदा रस्ते भिंतीला टेकलेत. रोह्याचा आकडा तुमच्या गल्लीनंच तेवढा पेणच्या वर आलाय."

"गल्ली नाय ती. माझा हॉल हाय."

"तेच बोललो. ते म्हणाले, लोक जातात ना? मी म्हटलं, जातात."

दुपारपर्यंत दोन स्कूटर, एक कुल्फीची सायकल आणि पेणहून आलेलं, पत्ता चुकलेलं एक कुटुंब येऊन गेलं. कुटुंब चहा पिऊन गेलं.

कतारमधल्या दोह्याहून नवरा, वासिफ, फोनवर म्हणाला, "मागच्या दाराला कुलूप घाल. रस्ता आपोआप बंद."

मुनीरा कुलूप घेऊन गेली, तर दारात बायजाबाई पाटीसह उभी.

"घाल गो," बायजाबाई म्हणाली. "तुझं घर हाय. मी जाईन फिरून." आणि पुढच्या दाराकडे वळताना तिने भिंतीचा आधार घेतला.

"या हिकडून," मुनीरा म्हणाली. कुलूप तिने फ्रिजवर ठेवलं. मग दिवाण ओढून मागच्या दारात असा आडवा लावला, की माणूस जाईल, गाडी जाणार नाही.

गुरुवारी धनेश टेप घेऊन आला आणि दिवाणाशेजारची फट मोजू लागला. "एक फूट दहा इंच," तो पुटपुटला.

"हे आता कशाला?"

"अरुंद रस्त्यांचा नवा फॉर्म आलाय, ताई. अतिक्रमणाचा एक रकाना हाय. तुमचा दिवाण मी लिहिला नाय. रकाना कोरा सोडतो."

शुक्रवारी संध्याकाळी फॉर्म वर साहेबांकडे गेला. रकाना कोरा चालत नाही, म्हणून शनिवारी सकाळी फॉर्म धनेशकडे परत आला. सोमवारी दुपारी बारापर्यंत धनेशने त्या रकान्यात काहीही भरलेलं नव्हतं.