अस्वलाच्या पोटातली सुई

युनाने पिनकुशन पुन्हा चाचपलं. सकाळी पाच सुया घेतल्या होत्या आणि आता चारच होत्या. टेबलाखाली वाकून झालं, मांडीवरची लोकर झटकून झाली, ब्लाउजची गळपट्टीही तपासून झाली. मग तिला आठवलं, की मघाशी एका अस्वलाच्या पोटात भरण कोंबताना सुई त्याच हातात होती.

ऑस्ट्रेलियातल्या कॉपरहेड फ्लॅट ह्या छोट्या गावाच्या हॉलमध्ये दर गुरुवारी बायका जमत. शहरातल्या मुलांच्या इस्पितळासाठी लोकरीची अस्वलं आणि सैनिकी इस्पितळातल्या जखमी जवानांसाठी गोधड्या शिवत. कारभार कोरल ट्रेम्बाथचा. तिचा नियम एकच होता, पण कडक: आपल्या सगळ्या सुया दाखवल्याशिवाय चहा नाही. डल्सी मागे एकदा गोधडीत टाचणी विसरली, तेव्हापासून ती स्वयंपाकघरात ॲप्रन बांधून कपबश्या विसळत होती. प्रत्येक अस्वलाची शेवटची तपासणीही कोरल स्वतः करायची, मागच्या खोलीत, दार लावून. तिथे दुसऱ्या कोणाला मज्जाव होता.

युनाला कपबश्यांची भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. गेल्या वर्षी तिचा नातू फिन त्याच इस्पितळात पडून होता. ह्याच हॉलमधलं अस्वल त्याच्या हाती आलं आणि आजारपणभर त्याने त्याचा एक कान चावून चावून संपवला. तो कान युनाच्या डोळ्यांसमोरून हलेना. सुई सापडली नाही तर कोरलला सांगायचंच, हे तिने ठरवलं. फक्त आधी एकदा शोधून पाहायचं होतं. ती व्हरांड्यात गेली आणि तिने नवऱ्याला फोन लावला.

"क्लेम, तुझं ते कुईकुई करणारं यंत्र घेऊन हॉलवर ये."

"का गं? सोनं लागलं की काय?"

"सुई हरवलीये. अस्वलाच्या पोटात गेलीये बहुतेक."

"मग कोरलला सांग ना."

"तिला सांगायचं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? ये लवकर, आणि गाजावाजा करू नकोस."

ती वळली तर खोकी शहरात पोचवणारा डेस दारात उभा होता. त्याची व्हॅन बाहेर चालूच होती. "खोकी भरलीत ना, युना? आत्ता निघालो तर बरं. अंधार पडल्यावर रस्त्यात कांगारू येतात."

"भरलीत की. पण उपाशीपोटी कुठे निघालास? बस, गरम स्कोन आहेत." तिने त्याला जवळजवळ ढकलूनच खुर्चीवर बसवलं आणि स्कोनच्या दोन गोल पावांवर जॅम आणि साय थापून बशी पुढे केली.

क्लेम कानांवर हेडफोन चढवून, हातात लांब दांड्याचं, धातू शोधायचं यंत्र घेऊन आत शिरला, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. गावातले निम्मे पुरुष रोज सोनं शोधत असंच हिंडायचे. कोरल मात्र ताडकन उठली.

"क्लेम पास्को, ते आत आणायचं नाही."

"ह्या हॉलखाली जुनी खाण होती म्हणतात. जरा बघतो."

"मग बाहेरून बघ. खोक्यांच्या जवळपास फिरकायचं नाही, सांगून ठेवते."

हिला वास लागला, युनाच्या मनात आलं. तिने क्लेमला डोळ्यांनी खोक्यांकडे खुणावलं. क्लेमच्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे तो कुजबुजला तो अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा.

"कुठल्या खोक्यात गेली म्हणालीस गं सुई?"

सगळ्या माना युनाकडे वळल्या. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता.

"कोरल, माझी एक सुई सापडत नाहीये," ती म्हणाली. "अस्वलात असेल. माझंच चुकलं."

कोरल भडकेल असंच सगळ्यांना वाटलं. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "हाताने शोधू या," ती चाचरत म्हणाली. "यंत्र नको. हाताने."

पण क्लेमला काय ऐकू येणार? त्याने पहिल्या अस्वलावरून यंत्र फिरवलं. कुई. दुसऱ्यावरून फिरवलं. कुई. तिसरं, चौथं, दुसरं खोकं, तिसरं खोकं, प्रत्येक अस्वल कुईकुई करत होतं.

ओल्या हातांनी डल्सी स्वयंपाकघराच्या दारात आली. "युना, किती सुया घातल्यास गं बाई?"

युनाने एका अस्वलाची पाठ उसवली. आत लाल लोकरीत गुंडाळलेलं एक जुनं, लहानसं चांदीचं नाणं निघालं. दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यातही तेच. कोरल खुर्चीत बसली.

"आईच्या पुडिंगमधली आहेत ती," ती म्हणाली. "नाताळच्या पुडिंगमध्ये ती नाणं लपवायची ना, ज्याला मिळेल तो नशीबवान, तसली. माझा भाऊ व्हिएतनामहून पाय गमावून आला, तेव्हा इस्पितळात कोणा बाईने त्याला पुडिंग नेऊन दिलं. त्याच्या घासात नाणं आलं. परत आल्यापासून तो पहिल्यांदा हसला तो तेव्हा. मला वाटलं, ह्या पोरांच्या नशिबीही एकेक असावं."

युनाला तिची दया आली आणि रागही आला. "अगं, पण पोरं चावतात अस्वलं. आमच्या फिनने कान खाल्ला होता. नाणं घशात गेलं असतं तर?"

"मी घट्ट शिवली होती पाठ."

"मीही घट्टच शिवलीये. सुई आत ठेवून."

कोरलने पुढचं अस्वल मांडीवर ओढलं. मग सगळ्या जणी उसवायला बसल्या. नाणी निघाली, पाठी पुन्हा शिवल्या गेल्या. क्लेमने एकेक अस्वल पुन्हा तपासलं. सगळी गप्प होती. तळाशी असलेलं वाकड्या नाकाचं तेवढं एक बोललं. त्याच्या पोटातून सुई निघाली, तेव्हा युना तिथेच बसून रडली आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

डेस चौथा स्कोन संपवत होता. "ती नाणी गोधड्यांच्या कोपऱ्यात घाला की," तो म्हणाला. "जवान काही गोधडी चावत नाहीत."

कोरलने त्याच्याकडे पाहिलं आणि नाक पुसलं. एरवी ती हुकूम सोडायची, पण आज तिने स्वतः सुई ओवली. डोळे भरलेले असतानाही प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात तिने स्वतःच्या हाताने नाणं शिवलं, कोणाला हात लावू दिला नाही. गोधड्या खोक्यांत गेल्या, डेसने किल्ल्या खुळखुळवल्या आणि कोरलला पुन्हा कंठ फुटला.

"सुया दाखवा."

सगळ्यांनी दाखवल्या. युनाच्या पाचही होत्या. शेवटी कोरलने स्वतःचं पिनकुशन पुढे ठेवलं आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली. तिने ते उलटं केलं, सुलटं केलं. मग हळूच क्लेमकडे पाहिलं.

क्लेमने हेडफोन काढून गळ्यात अडकवले. "माझा काही उपयोग नाही आता," तो म्हणाला. "सगळ्याच गोधड्या वाजणार."

युनाने स्कोनची बशी उचलली. "डेस, बस रे. अजून एक घे."

आणि डल्सीने खुंटीवरचा दुसरा ॲप्रन काढला, झटकला आणि कोरलपुढे धरला.